एक्स-रे टेक्नॉलॉजिस्ट व्हायचंय? बटण दाबण्याआधीच्या या चुका टाळा

शिकाऊ असताना मी एका आजींच्या छातीचा एक्स-रे काढला होता. नऊवारी नेसलेल्या, पाठीवर जाड वेणी. गळ्यातलं काढायला सांगितलं, हनुवटी वर करायला लावली, श्वास धरायला लावला. वेणी मात्र उजव्या खांद्याजवळ तशीच राहिली. रिपोर्टमध्ये उजव्या फुप्फुसाच्या टोकाला सावली आली आणि क्षयाची शंका लिहिली गेली. घरच्यांनी आजींचं ताट-वाटी वेगळं केलं. चौथ्या दिवशी दुसरीकडे केस वर बांधून पुन्हा एक्स-रे काढला, तर छाती स्वच्छ! मशीन उत्तम होतं, केव्ही-एमएएस, म्हणजे किरणांचा जोर आणि प्रमाण, तेही बरोबर होते. चूक बटण दाबण्याआधीची होती, आणि ती माझी होती.

आता इंदुरात ओळखीतले आईवडील मुलांना घेऊन या कोर्सची चौकशी करायला येतात, तेव्हा मी हीच गोष्ट आधी सांगतो. एक्स-रेचं काम म्हणजे बटण नव्हे. बटण सगळ्यात शेवटी येतं.

पहिली चूक प्रवेशाच्या वेळीच होते. फी आणि इमारत बघतात. रोज हात चालवायला मिळेल असं रुग्णालय कॉलेजला जोडलेलं आहे का, हे कोणी विचारत नाही. घरबसल्या मिळणाऱ्या डिप्लोमाच्या नादी लागू नका. मशीन चालवणारा माणूस रीतसर शिकलेला हवा, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा नियम आहे. या व्यवसायांसाठी 2021 साली राष्ट्रीय आयोगाचा कायदाही झाला, त्यामुळे मान्यता तपासूनच पैसे भरा. बारावीला विज्ञान लागतं. फिजिक्सचा कंटाळा असेल तर आत्ताच विचार करा, कारण इथे ते रोज भेटतं.

पोझिशनिंगबद्दल, म्हणजे रुग्णाला नीट उभं करण्या-बसवण्याबद्दल, मात्र सविस्तर बोलायला हवं. इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर सकाळी उभं राहिलं की धार, देवास, खरगोनकडून आलेली माणसं दिसतात. त्यातल्या एखाद्याला घाईत नुसतं "सांस रोको" म्हटलं, की तो आहे तिथेच श्वास धरतो. फुप्फुसं अर्धीच भरतात, हृदय मोठं दिसतं आणि तळाशी नसलेला न्यूमोनिया दिसू लागतो. आधी "सांस अंदर खींचो, और खींचो" म्हणा, छाती वर येताना बघा, मग "रोको". आजी मराठी असतील तर मराठीत सांगा. फोटो आल्यावर श्वासपटलाच्या वर मागच्या फासळ्या मोजा. नऊ-दहा दिसल्या तर श्वास पुरेसा होता. रुग्ण उभा राहू शकत असेल तर छातीसाठी किरण सोडणाऱ्या ट्यूबपासूनचं अंतर 180 सेंटिमीटर ठेवा आणि खांदे पुढे ढकलायला लावा, म्हणजे खांद्याची हाडं फुप्फुसांवरून बाजूला सरकतात.

दागिन्यांचं तर विचारूच नका. राँटजेनने 1895 मध्ये बायकोच्या हाताचा फोटो घेतला, त्यात तिची अंगठी स्पष्ट दिसते. आपण आजही मंगळसूत्राच्या वाट्यांसकट छातीचे फोटो काढतो. "मंगळसूत्र काढा" असं दरडावलं की बाईचा चेहरा पडतो. "काकू, दोन मिनिटं मुठीत धरून ठेवता का?" म्हणा, लगेच ऐकतात. हात कमरेवर असतात, त्यामुळे मूठ फोटोबाहेर राहते.

उजवी-डावी बाजू दाखवणाऱ्या आर आणि एल या शिशाच्या मार्करबाबतीत मुलं फार निष्काळजी असतात. नंतर कॉम्प्युटरवर अक्षर टाकता येतं, म्हणून एक्स्पोजरच्या, म्हणजे किरण सोडण्याच्या, वेळी मार्कर लावतच नाहीत. काही लोकांचं हृदय जन्मतः उजवीकडे असतं. मार्कर नसेल तर फोटो उलटा आलाय असं समजून कोणीतरी तो सुलटा करून टाकतं, आणि खरी गोष्ट पुसली जाते. मार्कर खिशात नको, रुग्णामागच्या फोटो टिपणाऱ्या कॅसेटवर हवा.

डिजिटल मशीनने एक लपलेली सवय लावली आहे. फिल्मच्या काळात एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळी व्हायची, चूक लगेच कळायची. आता जास्त एक्स्पोजरचा फोटोही सुंदर दिसतो आणि कमी दिलं तर दाणेदार येतो. मग मुलं हळूहळू एमएएस वाढवत जातात. रुग्णाला रेडिएशनचा फुकटचा डोस बसतो. एक्स्पोजर किती झालं ते सांगणारा स्क्रीनवरचा आकडा, एक्स्पोजर इंडेक्स, रोज बघा. तसंच किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागावर आवरणारा कॉलिमेटर उघडा सोडून फोटो नंतर कापू नका. कापलेला भाग पडद्यावरून जातो, शरीराने घेतलेला डोस जात नाही.

आता तुमच्या स्वतःच्या अंगाचं. टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती रेडिएशन पडलं ते नोंदणारा बिल्ला, छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आतून लावायचा. एप्रनला अडकवून खोलीतच सोडला, तर तिथला सगळा डोस तुमच्या नावावर नोंदला जातो आणि तीन महिन्यांनी चौकशीचं पत्र येतं. रेडिएशनचं काम करणाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट (डोस मोजायचं एकक) आहे, आणि कोणत्याही एका वर्षात 30 च्या वर जाऊ द्यायची नाही. बॅज खोटं बोलू लागला तर हा हिशेब निरर्थक होतो. लेड एप्रन घडी घालून ठेवू नका, घडीवर आतलं शिसं तडकतं. हँगरला टांगा. वॉर्डात नेलेल्या पोर्टेबल मशीनवर एक्स-रे काढताना बटणाची दोरी पूर्ण ताणून मागे व्हा, एक मीटरचे दोन मीटर केले की डोस चौथाई होतो. दंगेखोर पोराला धरायची वेळ आली तर नातेवाइकाला एप्रन घालून धरू द्या. तुम्ही रोज धरत राहिलात तर वर्षभराचा हिशेब तुमच्या अंगावर बसतो.

एक्स-रे बंद झाला की खोलीत काहीही उरत नाही, त्याची भीती नको. एमआरआयचं नेमकं उलट. त्या मशीनमधला चुंबक रात्रीसुद्धा चालू असतो. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर आत नेला गेला आणि एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला. सिलिंडर, कात्री, स्ट्रेचर यांना दारातच थांबवायचं, मग समोर कोणीही असो.

"काही निघालं का हो?" असं नातेवाईक विचारतील. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट देतात, तुम्ही चेहऱ्यावरूनही काही सांगू नका.

शेवटची चूक बायकांना पाळीचा प्रश्न चारचौघांत विचारण्याची. कंबरेच्या एक्स-रेसाठी एक नवी सून आली होती. बाहेर, रांगेत, माझ्या विद्यार्थ्याने मोठ्याने विचारलं, "पाळी कधी आली होती?" सुनेआधी सासूच म्हणाली, "तसलं काही नाही हो, काढा." मी सासूबाईंना बाकावर बसवलं, आमच्या नर्सताईंना बोलावलं. ताई सुनेला आत घेऊन गेल्या, दार लोटलं आणि हळूच तेच विचारलं. ती गाऊनची नाडी बोटाला गुंडाळत म्हणाली, "पंधरा दिवस वर झालेत, घरी सांगितलं नाही अजून." मी फॉर्मवर पाळीची तारीख लिहिली आणि एक्स-रे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला.