घाबरलेल्या पुरवठादारासाठी नियम लिहिताना

अन्नसाखळीतल्या व्यवहारांच्या नियमाचा मसुदा करायचं काम हाती आलं, की आधी मोठे शब्द सुचतात. ‘व्यवहार वाजवी असावा’, ‘उत्पादकाला न्याय्य मोबदला मिळावा’. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘वाजवी’ हा शब्द ११ वेळा आला होता. त्याआधी नऊ वर्षं मी छोट्या उत्पादकांच्या एका गटाची हिशेबपत्रकं तपासत होते. त्यांचे पैसे ‘वाजवी’ या शब्दाभोवती कापले जात नव्हते. ते कापले जात होते तारखांमध्ये आणि रकान्यांमध्ये. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की कलमं लिहायच्या आधी वीस-पंचवीस पुरवठादारांची वर्षभराची हिशेबपत्रकं गोळा करा आणि फक्त कपातीचा रकाना वाचा.

घट, जाहिरातीतला वाटा, मांडणी शुल्क (दुकानात माल मांडण्याचे पैसे), गुणवत्तेतला फरक आणि सगळ्यांत शेवटी ‘इतर’, अशा नोंदी तिथे सापडतील. प्रत्येक कपातीला दोन प्रश्न विचारा. माल निघण्याआधी ती लेखी ठरली होती का? आणि नुकसान झालं तेव्हा माल कोणाच्या ताब्यात होता? अन्नसाखळीतल्या अन्याय्य व्यापारी पद्धतींवर युरोपीय संघाने काढलेल्या २०१९/६३३ या निर्देशाची रचना साधारण याच प्रश्नांवर उभी आहे. खरेदीदाराच्या गोदामात माल खराब झाला आणि त्यात पुरवठादाराची चूक नसेल, तर त्याचा भुर्दंड पुरवठादारावर टाकायला तिथे सरळ बंदी आहे. आधी केलेल्या करारात एकतर्फी बदल आणि नाशवंत मालाची ऑर्डर ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीची सूचना देऊन रद्द करणं, हेही बंदीतच. न विकलेला माल पैसे न देता परत करणं किंवा जाहिरातीचा खर्च मागणं मात्र दुसऱ्या गटात येतं. ते आधी स्पष्ट शब्दांत ठरलं असेल तरच चालतं. तुमच्या मसुद्यातही असे दोन गट करा. सगळ्याच कपातींवर बंदी घातलीत, तर त्या नाव बदलून मूळ किमतीत शिरतात आणि मग तपासायला रकानाच उरत नाही.

पैसे देण्याच्या मुदतीचं कलम सोपं वाटतं. त्याच निर्देशात नाशवंत मालाला ३० दिवस आणि बाकीच्या मालाला ६० दिवस आहेत. पण मुदतीपेक्षा महत्त्वाचं आहे ते दिवस कुठून मोजायचे हे. ‘बिल मंजूर झाल्यापासून’ असं लिहिलंत, तर मंजुरीच लांबणीवर पडते. माझ्याकडच्या पत्रकांत माल पोचल्याची तारीख आणि बिल मंजुरीची तारीख यांत पाच-पाच आठवड्यांचं अंतर होतं, आणि कागदोपत्री एकही बिल थकलेलं नव्हतं. भारताच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस पोचल्यापासून १४ दिवस मोजतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागू होतं. अंमलबजावणीचे वाद तिथेही आहेत, पण मोजणी माल पोचल्याच्या दिवसापासून सुरू होते, हे त्यातून जरूर घ्या.

किमतीच्या तळाबद्दल, म्हणजे किमान किमतीबद्दल, थोडक्यात. स्पेनने २०२१ च्या कायद्याने साखळीतल्या प्रत्येक कडीला तिचा उत्पादन खर्च मिळालाच पाहिजे असं ठरवलं. फ्रान्सने २०१८ मध्ये कराराचा पहिला प्रस्ताव उत्पादकाकडून यावा आणि किंमत ठरवताना खर्चाचे निर्देशांक विचारात घ्यावेत, अशी वाट धरली. २०२१ मध्ये कच्च्या शेतमालाच्या किमतीचा भाग पुढच्या वाटाघाटींतून बाजूला काढला. मला फ्रान्सची वाट जवळची वाटते. स्पेनच्या वाटेत खर्च कोणाचा धरायचा, लहान उत्पादकाचा की मोठ्याचा, यावर वर्षानुवर्षं वाद घालता येतो. पहिला कागद कोणी पाठवला, हे एका तारखेवरून कळतं.

पारदर्शकतेच्या कलमात मात्र घाई नको. सगळे भाव सगळ्यांना दिसले की न्याय होईल, असं मलाही वाटायचं. डेन्मार्कच्या स्पर्धा प्राधिकरणाने १९९३ मध्ये तयार काँक्रीटच्या कंपन्यांचे प्रत्यक्ष व्यवहारातले भाव कंपनीनिहाय छापायला सुरुवात केली. हेतू स्पर्धा वाढावी हा होता. वर्षभरात सरासरी भाव १५ ते २० टक्क्यांनी वाढले, कारण कोण कोणाला सवलत देतो हे प्रतिस्पर्ध्यांना घरबसल्या कळू लागलं. अन्नातही मोजके मोठे खरेदीदार असतील तर हेच उलट्या दिशेने होऊ शकतं, आणि तेव्हा खाली येतो तो उत्पादकाचा भाव. म्हणून एकत्रित भाव छापा, एकेकट्याचे नकोत. अमेरिकेत १९९९ च्या कायद्याखाली जनावरांच्या खरेदीचे भाव सरकारला कळवावे लागतात. ते छापण्याआधी पाहतात, की ६० दिवसांतल्या निम्म्या वेळी तरी तीन जणांकडून माहिती आली आहे का, एकाच कंपनीचा वाटा ७० टक्क्यांवर जात नाही ना, आणि एकटीच कंपनी कळवते आहे असं २० टक्क्यांहून जास्त वेळा घडत नाही ना. तुमचे आकडे वेगळे असू शकतील, पण असे आकडे नियमातच लिहा. आणि भाव एकाच टप्प्यावर गोळा करू नका. शेतातून निघतानाचा, प्रक्रियेनंतरचा आणि दुकानातला भाव शेजारी-शेजारी दिसला, तरच मधला फरक कुठे राहतो ते कळतं. युरोपातही जानेवारी २०२१ पासून साखळीतल्या वेगवेगळ्या टप्प्यांचे भाव कळवणं सुरू झालं आहे.

आता भीतीबद्दल, कारण माझ्या मते नियम टिकतो की पडतो ते इथेच ठरतं. आमच्या गटातल्या एका पुरवठादाराने तीन वर्षांच्या कपातींची फाईल आणून माझ्या टेबलावर ठेवली होती. प्रत्येक पावती क्रमाने लावलेली, प्रत्येक बेरीज बरोबर. तक्रारीच्या अर्जावर सही करायची वेळ आली तेव्हा त्याने फाईल उचलली. ‘ताई, माझं नाव नको. पुढच्या हंगामात माल कोणाला देऊ?’ मी म्हटलं, नाव गुप्त ठेवतील. तो म्हणाला, ‘नाव झाकाल, पण पावतीवरची तारीख आणि वजन कसं झाकाल? त्या दिवशी तेवढा माल मीच दिला होता.’

त्याचं बरोबर होतं. म्हणून नाव गुप्त ठेवायचं कलम लिहून थांबू नका. उत्पादकांच्या संघटनेला सभासदांच्या वतीने तक्रार करता आली पाहिजे. नियामकाला तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून चौकशी करता आली पाहिजे. आणि चौकशीत त्याने एका पुरवठादाराची नव्हे, त्या खरेदीदाराच्या सगळ्या पुरवठादारांची पत्रकं मागवावीत, म्हणजे बोट कोणाकडे जात नाही. तक्रार केली म्हणून ऑर्डर कमी करणं हा वेगळा गुन्हा धरा. ब्रिटनमध्ये २०१३ च्या कायद्याने किराणा क्षेत्रासाठी स्वतंत्र निवाडा अधिकारी नेमला आहे. तो तक्रारदाराची ओळख जपतो आणि खरेदीदाराला तिथल्या उलाढालीच्या १ टक्क्यापर्यंत दंड करू शकतो. दंड उलाढालीशी बांधणं गरजेचं आहे. ठरीव रक्कम मोठ्या खरेदीदाराच्या खर्चात सहज मुरते.

मसुदा पुरा झाला की तो वकिलाच्याही आधी फाईलवाल्या माणसाला दाखवा. मी तसंच केलं. हातात पेन्सिल घेऊन त्याने पाऊण तास वाचलं आणि एकाच ओळीखाली रेघ मारली: ‘उशीर झाल्यास पुरवठादाराला व्याज मागता येईल.’ म्हणाला, ‘मागता येईल असं लिहिलंय, म्हणजे मी मागणार नाही.’ ती ओळ आम्ही बदलली. आता तिथे लिहिलं आहे: ‘उशीर झाल्यास खरेदीदाराने व्याज जोडूनच रक्कम द्यावी.’