हरणावर किती अंतरावरून बाण सोडायचा? या चुका टाळा

माझा भाचा अमेरिकेत, मिशिगनमध्ये असतो. नाशिकला शाळेत असताना तो माझ्याकडेच धनुर्विद्या शिकला. आधी इंडियन बोवर (बांबूचं साधं धनुष्य) 30 मीटर, मग रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य). तिकडे गेल्यावर त्याने कम्पाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) घेतला आणि धनुष्याने हरणाची शिकार करायचं लायसन्स काढलं. पहिल्या हंगामाच्या आधी त्याचा फोन आला. "मामा, 60 यार्डवर, म्हणजे 55 मीटरवर, माझे सगळे बाण ताटलीएवढ्या जागेत लागतात. म्हणजे 50 यार्डवरून मारायला हरकत नाही ना?"

"हरकत आहे," मी म्हटलं. पुढचे दोन महिने आम्ही त्या एकाच प्रश्नावर बोलत होतो. त्या बोलण्यातून जे हाती आलं ते इथे लिहितोय. त्याच्यासारखे आपले बरेच जण तिकडे आहेत, आणि इथे फील्ड (रानातल्या टार्गेटवर) किंवा थ्री-डी (फोमच्या प्राण्यांवर) आर्चरीकडे वळणाऱ्या मुलांच्याही त्याच चुका होतात.

आधी कायद्याचं. आपल्याकडे खऱ्या हरणावर बाण सोडणं हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 9 शिकारीला बंदी घालतं, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत मारण्याचा प्रयत्न हीसुद्धा शिकारच आहे. येवल्याजवळ ममदापूरला माळावर काळवीट बघायला मिळतात. ते कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेले प्राणी आहेत. तिकडे दुर्बीण घेऊन जा, धनुष्य घरी ठेवा. मिशिगनमध्ये व्हाइटटेल हरणांसाठी धनुष्याचा हंगाम सरकारच ठरवून देतं: 1 ऑक्टोबर ते 14 नोव्हेंबर, आणि पुन्हा 1 डिसेंबरपासून. पुढे शिकारीबद्दल जे लिहिलंय ते तिकडचं आहे. इथे आपला बाण फोमच्या हरणावरच.

सगळ्यात चांगला बाण धरून अंतर ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती बहुतेक चांगल्या तिरंदाजांकडून होते. मैदानावर आपण तीस-चाळीस बाण मारतो. हात मोकळा होतो, अँकर (दोरी ओढून हात चेहऱ्याशी टेकवायची जागा) बसतो, रिलीझ (दोरी सोडणं) सुटसुटीत होते. मग एखाद्या एंडला, म्हणजे एका फेरीत, सहाच्या सहा बाण एकमेकांना चिकटतात, त्याचा फोटो निघतो आणि ते अंतर डोक्यात पक्कं बसतं. शिकारीला गेलेल्या माणसाला असा एंड मिळत नाही. तो थंडीत तीन तास हालचाल न करता बसलेला असतो, अंगात जाड जॅकेट असतं, छाती धडधडत असते, आणि त्याला एकच बाण मिळतो. तो पहिलाच असतो.

म्हणून भाच्याला मी सांगितलं, रोज सकाळी वॉर्मअप न करता एकच बाण मार. तोच जॅकेट घालून, तसाच स्टुलावर बसून. मारून झाला की धनुष्य ठेवून दे आणि अंतर आणि बाण कुठे लागला ते वहीत लिही. टार्गेट म्हणून नाश्त्याची कागदी प्लेट घे, साधारण 22 सेंटिमीटरची. व्हाइटटेलचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते ती साधारण 20 ते 25 सेंटिमीटरच्या गोलात बसते. ज्या अंतरावर महिनाभराचे असे सगळे पहिले बाण प्लेटमध्ये आले, ते तुझं खात्रीचं अंतर. नव्वद टक्के आले तर ते अंतर तुझं नाही, कारण उरलेला बाण हरणाच्या पोटात किंवा मांडीत जातो. ते हरीण पळतं आणि कुठेतरी झुडपात फार हाल होऊन मरतं. या एका कारणासाठी मी या विषयात इतका हट्टी आहे.

महिन्याअखेरीला त्याचा फोन आला. आवाज उतरला होता. 60 यार्डवर ताटली भरणाऱ्या पोराचं खात्रीचं अंतर 26 यार्ड निघालं. मला आनंद झाला. त्याने वहीत खाडाखोड केली नव्हती.

यातच आणखी एक गोष्ट. सराव गुळगुळीत टोकाच्या बाणांनी होतो आणि शिकारीला पात्यांचं ब्रॉडहेड लावतात. पात्यांवर हवा अडते, त्यामुळे धनुष्याचं ट्यूनिंग जरासं बिघडलेलं असलं तरी ब्रॉडहेड भलतीकडे जातं. फोम फाटतो म्हणून लोक त्याने सराव करत नाहीत. फोम फाटू द्या.

आणि मोठ्या खेळाडूंचे आकडे स्वतःला लावू नका. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कम्पाउंडमध्ये जगज्जेते झाले तेव्हा ऊर भरून आला होता. तेव्हापासून आमच्या मैदानावरची पोरं 50 मीटरच्या खाली बोलत नाहीत. पण ते 50 मीटर मोजलेले असतात, टार्गेट हलत नाही, समोर झुडूप नसतं, आणि एखादा बाण आठवर गेला तर फक्त दोन गुण जातात.

डोळ्यांवर भरवसा ठेवणं

खात्रीचं अंतर 26 यार्ड आहे हे कळलं, पण समोरचं हरीण 26 वर आहे की 33 वर?

भाचा डिसेंबरात नाशिकला आला तेव्हा त्याला मी दिंडोरीजवळ मित्राच्या द्राक्षबागेत नेलं. धनुष्य न घेता, कारण बागेत माणसं काम करत असतात. त्या बागेत ओळीतल्या दोन झाडांमध्ये बरोबर 5 फूट अंतर आहे. म्हणजे 18 झाडं मोजली की 90 फूट, नेमके 30 यार्ड. ओळीच्या तोंडाशी उभं राहायचं, आत उभ्या असलेल्या माणसाकडे बघून अंतर सांगायचं, मग झाडं मोजत जायचं. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग भरलेली होती, ओळीत सावली, दोन्ही बाजूंनी पाल्याची भिंत. भाचा 38 म्हणाला, निघाले 30. मग शेजारच्या नांगरलेल्या रानात, लख्ख उन्हात, तोच भाचा 25 म्हणाला. टेपने मोजले तर 33.

हे सगळ्यांचं होतं. सावलीत आणि बोगद्यासारख्या जागेत वस्तू लांब वाटते. उघड्यावर, उन्हात जवळ वाटते. मध्ये नाला किंवा खोलगट जागा असेल तर ती जमीन डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून पलीकडची वस्तू आणखी जवळ वाटते. फील्ड आर्चरीत 24 टार्गेटपैकी 12 ची अंतरं सांगितलेली नसतात आणि रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) चालत नाही, तिथे हाच डोळा तयार करावा लागतो. शिकारीला मात्र रेंजफाइंडर जवळ ठेवावा, आणि हरीण येण्याआधीच आजूबाजूची झाडं मोजून ठेवावीत: तो ओंडका 18, ते वाकलेलं झाड 24. हरीण समोर आल्यावर रेंजफाइंडर काढायला गेलात की हालचाल दिसते आणि सगळं संपतं.

अंदाज चुकल्यावर नेमकं किती बिघडतं ते बघा. सेकंदाला 85 मीटर वेगाचा कम्पाउंडचा बाण धरू. हरीण 20 मीटरवर आहे आणि तुम्ही 15 समजलात, तर बाण साधारण 7 सेंटिमीटर खाली लागतो. प्लेटच्या आतच राहतो. तेच हरीण 40 मीटरवर असेल आणि तुम्ही 35 समजलात, तर बाण साधारण 13 ते 14 सेंटिमीटर खाली जातो. प्लेटच्या मध्यापासून कड 11 वर, म्हणजे नेम अगदी अचूक असूनही बाण बाहेर. सेकंदाला 55 मीटरच्या रिकर्व्हला हाच फरक 32 सेंटिमीटरपर्यंत जातो. चूक दोन्हीकडे 5 मीटरचीच आहे. जवळ ती पोटात घेतली जाते, लांब घेतली जात नाही.

आपल्या लोकांची यात एक खास गल्लत होते. आपण मीटरवर शिकलो, तिकडे सगळं यार्डांत. 40 यार्ड म्हणजे 36.6 मीटर. भाच्याने एकदा साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) यार्डांत लावली होती आणि रेंजफाइंडर मीटरवर राहिला होता. 40 वर बाण 9-10 सेंटिमीटर खाली जायचा, आणि पोरगा आठवडाभर आपल्या रिलीझला दोष देत होता. बाण सतत खालीच जात असतील आणि डावी-उजवी बरोबर असेल, तर हात तपासण्याआधी रेंजफाइंडरची सेटिंग तपासा.

हरीण जागेवर थांबेल असं धरून चालणं

बट्रेस (टार्गेट लावायचा ठोकळा) थांबतो, हरीण थांबत नाही. दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोहोचतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे आपल्या बाणाच्या चौपट. दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसकण मारतं, त्यामुळे बाण पाठीवरून जातो किंवा वरच लागतो.

40 मीटरवर बाणाला 0.47 सेकंद लागतात, आवाजाला 0.12. हरणाकडे 0.35 सेकंद उरतात. त्यातले 0.15 दचकण्यात गेले असं समजा, तरी 0.2 सेकंदात नुसतं वजन सोडून दिलेलं शरीर 20 सेंटिमीटर खाली येतं. 20 मीटरवर हाच हिशोब केला तर हरणाला हलायला जेमतेम 0.03 सेकंद मिळतात, शरीर एक सेंटिमीटरही खाली येत नाही. म्हणून कितीही नेमबाज असलात तरी लांबच्या अंतरावर निम्मा निर्णय हरणाच्या हातात असतो. जास्त पाउंडेजचं, म्हणजे ओढायला जास्त जोर लागणारं धनुष्य घेऊन हे सुटत नाही. धनुष्य शांत करा, दोरीला सायलेन्सर लावा, सैल स्क्रू आवळा. आणि मान वर करून, कान टवकारून तुमच्याकडे बघणाऱ्या हरणावर बाण सोडू नका, अगदी 20 यार्डवर असलं तरी. खाली मान घालून चरणारं हरीण वेगळं.

अंतर बसलं म्हणजे बाण सोडायलाच हवा असं वाटणं

हरीण पूर्ण आडवं उभं असावं किंवा किंचित पलीकडे वळलेलं असावं. तुमच्याकडे तोंड करून समोर उभं असेल किंवा पाठमोरं असेल तर 15 यार्डवरही हृदय-फुप्फुसांची जागा झाकलेली असते. थोडा वेळ थांबलं तर बऱ्याचदा ते स्वतःच वळतं.

मधल्या फांद्यांचं लोक विसरतात. नजर सरळ जाते, बाण कमान करून जातो. 30 मीटरवर तो कम्पाउंडचा बाण मध्यावर सरळ रेषेच्या 15 सेंटिमीटर वर असतो, रिकर्व्हचा त्याच्या दुपटीहून जास्त. नजरेच्या रेषेत काही नाही पण वरच्या अंगाला बोटभर काटकी आहे, तेवढी बाण वळवायला पुरते.

आणि अंधार. आपण सगळे लहानपणी श्रावणबाळाची गोष्ट ऐकून मोठे झालो. दशरथाने घागर बुडण्याचा आवाज ऐकून बाण सोडला. शब्दवेधी होता, नेम चुकला नव्हता. संध्याकाळी हरणाचा आकार दिसतो पण पुढच्या पायामागची नेमकी जागा दिसत नाही, तेव्हा खात्रीचं अंतर शून्य समजायचं. त्या रानात दुसरी माणसंही असतात.

उंचावरून मारण्याबद्दल थोडक्यात. बाण किती खाली पडेल हे आडव्या अंतरावर ठरतं, तिरक्या नाही. झाडावर 6 मीटर उंच बसलात आणि हरीण बुंध्यापासून 20 मीटरवर असेल तर फरक मीटरभराचाही नाही, त्याची काळजी करू नका. डोंगरउतारावर 30 अंशांचा कोन असेल तर मात्र 40 मीटरचे 35 धरावे लागतात. कंबरेतून वाका, हात खाली पाडू नका.

एकदा ठरवलेला आकडा धरून बसणं

26 हा भाच्याचा चांगल्या दिवसाचा आकडा आहे. वारा असेल तर तो 20 वर येतो. बोटं गारठली असतील तर 18. नवीन दोरी घातली, साइट हलवली, महिनाभर सराव झाला नाही, तर वही पुन्हा पहिल्यापासून. त्याला मी एक पट्टी धनुष्याच्या आतल्या बाजूला चिकटवायला लावली आहे. तिच्यावर घरी, शांत डोक्याने लिहिलेला त्या दिवसाचा आकडा असतो. समोर हरीण उभं असताना माणूस स्वतःला काहीही पटवून देतो, म्हणून तो आकडा तिथे ठरवायचाच नाही.

बाण सोडल्यावर लगेच मागे धावू नये, हेही ठरवून ठेवा. किमान अर्धा तास बसा. शेवटचं कुठे दिसलं ते झाड लक्षात ठेवा. मग जमिनीवर रक्त आणि बाण शोधा. लवकर उठवलेलं जखमी हरीण खूप लांब जातं आणि मग सापडत नाही.

इथे नाशिकमध्ये ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर हरणाचा आकार कापून बट्रेसला लावा, कडा काढू नका, गोल रंगवू नका. पुढच्या पायामागे पेन्सिलने प्लेटचा गोल हलका आखा, लांबून दिसणार नाही असा. मागे भिंत किंवा मातीचा बांध हवाच. मित्राला तो न मोजता कुठेही ठेवायला सांगा, कम्पाउंडला 45 मीटरच्या आत, लाँगबो आणि बेअरबोला (साइट नसलेली धनुष्यं) 30 च्या आत. थ्री-डी स्पर्धेतही हीच कमाल मर्यादा आहे. आधी अंतर मोठ्याने सांगा, मग एकच बाण मारा, मग टेप घेऊन चाला. मागच्या रविवारी आम्ही नऊ जणांनी हे केलं. अकरा वर्षांची एक मुलगी समोर उभी राहिली, 34 म्हणाली, आणि बाण परत भात्यात घातला. "सर, माझं 20 आहे," म्हणाली. टेप लावला तर 33 निघाले.