पहिल्याच पावसावर पेरायला चाड्यावर मूठ धरू नका, आधी डब्यातलं पाणी मोजा

राम राम मंडळी. मृग लागला, पावशा ओरडायला लागला आणि शेजारच्या वावरात ट्रॅक्टर फिरताना दिसला की आपल्यालाही घरात बसवत नाही, मला पण नाही बसवत. पण पाऊस आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, आठवडाभर रिपरिप चालण्याऐवजी एका दुपारी धो धो ओतून जातो आणि नंतर पंधरा-वीस दिवस तोंड दाखवत नाही. 2023 चा ऑगस्ट आठवा, 1901 पासूनच्या नोंदीत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, ऐन फुलात आलेलं सोयाबीन आणि खाली जमिनीला भेगा.

म्हणून कोरडवाहूवाल्यांना हात जोडून सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आता हा पाऊस मोजायचा कसा, तर महसूल मंडळात मोजलेल्या पावसाचा आकडा आपल्या शिवाराला लागू पडेलच असं नाही, ओढ्याच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे कोरडं. त्यासाठी सपाट बुडाचा, सरळ उभ्या कडांचा एखादा डबा झाडापासून आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर दगडं लावून पक्का बसवा, रोज सकाळी आत पट्टी उभी धरून पाणी मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. एक सेंटीमीटर म्हणजे 10 मिलिमीटर. आमच्याकडे हे काम पोरं करतात, आणि त्या वहीमुळेच एका वर्षी आमची दुबार पेरणी टळली, सगळे पेरत होते तेव्हा वहीत बेरीज फक्त 38 निघाली होती. आकडा भरला तरी वीतभर उकरून बघाच. माती मुठीत दाबून गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला की वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला समजा, चिकटून राहिला तर अजून थांबा.

तोवर सोयाबीनचं घरचं बियाणं तपासून घ्या. ओल्या गोणपाटावर 100 दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, ओल सुकू देऊ नका, सहा-सात दिवसांनी मोड मोजा. 70 निघाले तर एकरी 30 किलो पुरतं, थोडे कमी निघाले तर दर एका टक्क्याला अर्धा किलो वाढवा, फारच कमी असतील तर ते बियाणं पेरू नका. आणि पोती आपटू नका हो, सोयाबीनचं साल पातळ असतं, नुसत्या आदळआपटीनं उगवण जाते.

पेरताना दाणा 3 ते 5 सेंटीमीटरच्या खाली नको. बीबीएफ, म्हणजे रुंद वाफा आणि सरी पाडून पेरणारं यंत्र मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर दर चार ओळींनंतर एक सरी काढा, जास्त झालेलं पाणी तिथून निघून जातं आणि पावसाचा खंड पडला की तीच सरी ओल धरून ठेवते. चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर घ्या, तुरीचं मूळ खोल जातं, एक गेलं तरी दुसरं हाताला लागतं.

खंड पडलाच तर कोळपं, म्हणजे दोन ओळींमधली माती हलवायचं औत, चालवा. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं जुनी माणसं म्हणायची ते खोटं नाही, वरची भेग बुजली की खालची ओल उडत नाही. 13:00:45 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरभर पाण्याला 10 ग्रॅम घेऊन पिकावर फवारा, पण सकाळी किंवा संध्याकाळीच, भर उन्हात नको.

घराच्या पत्र्याचं पाणी पण वाया घालवू नका. 100 चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की 100 लिटर पाणी होतं, म्हणजे 50 मिलिमीटरच्या एका पावसात पाच हजार लिटर! पहिल्या पावसाची घाण वाहू द्या, नंतरचं पाइप लावून टाकीत घ्या, परसातल्या भाजीला आणि जनावरांना खंडात तेच कामी येतं.

मोबाइलमध्ये मेघदूत आणि दामिनी ही दोन्ही ॲप टाकून घ्या, एक हवामान आणि पिकाच्या सल्ल्यासाठी, दुसरं आभाळातल्या विजेच्या इशाऱ्यासाठी. आभाळ गडगडायला लागलं की झाडाखाली थांबू नका, औत सोडा, बैलं घेऊन सरळ घराकडे या, औताचे तास, म्हणजे ओळी, राहिले तर उद्या धरता येतील.