ग्रेडियंट काढताना मधला रंग मळतो तेव्हा

ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून हळूहळू दुसऱ्या रंगात जाणारी भरण, ओढायला दोन सेकंद लागतात. बिघडतो तो नंतर: दोन रंगांच्या मध्ये मळकट पट्टा उमटतो, नाहीतर सलग दिसायला हवं तिथे पायऱ्या दिसतात. खालच्या सूचना गिम्प 2.10 हे चित्रं संपादित करायचं सॉफ्टवेअर धरून आहेत. फोटोशॉपमध्ये वेगळं असेल तिथे तसं सांगितलंय.

आधी नवा लेयर (चित्रावरचा वेगळा थर) घ्या. ग्रेडियंट निवडलेला लेयर पूर्ण झाकतो, त्यामुळे थेट फोटोच्या लेयरवर ओढलात तर फोटो गेला. ठराविक भागातच रंग हवा असेल तर आधी तेवढं सिलेक्शन करा. फोरग्राउंड आणि बॅकग्राउंडचे रंग ठरवा, ग्रेडियंट टूलसाठी कीबोर्डवर जी दाबा, आकार लिनिअर (सरळ) किंवा रेडियल (गोलाकार) निवडा आणि माउस ओढा. जेवढी रेघ लांब, तेवढा रंगबदल संथ; रेघेच्या दोन्ही टोकांपलीकडे नुसता सपाट रंग राहतो. रेघ सरळ हवी तर ओढताना कंट्रोल दाबून ठेवा, फोटोशॉपमध्ये शिफ्ट. गिम्पमध्ये एंटर दाबेपर्यंत टोकं हलवता येतात, तेव्हा एंटरची घाई नको.

आता मळका मध्य. निळा (0, 0, 255) ते पिवळा (255, 255, 0) असा ग्रेडियंट घ्या; कंसातले आकडे म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचं प्रमाण. सॉफ्टवेअर सहसा तिन्ही आकड्यांची साधी सरासरी काढतं, म्हणजे मधोमध (128, 128, 128) येतं. हा शुद्ध राखाडी! रंगचक्रात समोरासमोर असलेल्या कुठल्याही जोडीचं असंच होतं. उपाय म्हणजे मध्ये तिसरा रंग बसवणं. ओढलेल्या रेघेवर मधोमध क्लिक केलं की नवा स्टॉप, म्हणजे रंग ठरवायचा बिंदू, तयार होतो. त्याला (255, 80, 140) हा गुलाबी द्या. आता निळ्या-गुलाबीच्या मध्ये जांभळा येतो, गुलाबी-पिवळ्याच्या मध्ये नारिंगी, आणि राखाडीचा मागमूस राहत नाही. स्टॉप थोडा डावी-उजवीकडे सरकवून बघा, बरोबर मध्यावर तो बहुधा कृत्रिम वाटतो. ग्रेडियंटच्या यादीतले एचएसव्ही प्रकार (रंगचक्रावरून फिरत जाणारे) हेही राखाडी टाळतात, पण ते वाटेतले सगळे रंग दाखवतात आणि काम इंद्रधनुष्यावर जातं. जवळच्या दोन रंगांसाठीच ते बरे.

पायऱ्यांचं कारण निव्वळ गणित आहे. नेहमीच्या 8 बिट चित्रात प्रत्येक चॅनेलला (लाल, हिरवा, निळा) 256 पातळ्या मिळतात. 1920 पिक्सेल रुंदीवर राखाडी 40 पासून 60 पर्यंत गेलात तर हाताशी फक्त 21 छटा, म्हणजे एकेक पट्टा सुमारे 91 पिक्सेल रुंद. डोळ्यांना तो दिसणारच, गडद पार्श्वभूमीवर तर जास्तच. टूल ऑप्शन्समध्ये डिदरिंग चालू ठेवा (फोटोशॉपमध्ये डिदर). शेजारच्या पातळ्यांचे ठिपके मिसळून सीमा पुसट होते. तरीही पट्टे राहिले तर लेयरवर अगदी हलका नॉइज (बारीक विखुरलेले ठिपके) टाका. फोटोशॉपमध्ये 1 ते 2 टक्के, मोनोक्रोमॅटिकवर टिक करून. ती टिक विसरलात तर रंगीत वाळू पसरल्यासारखं दिसेल. नुसतं 16 बिटमध्ये काम करून भागत नाही, कारण शेवटी 8 बिटमध्ये उतरताना डिदरिंग नसेल तर पट्टे परत येतात.

फोटो हळूहळू विरघळवायचा असेल तर रंगांऐवजी लेयर मास्क वापरा, म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसेल ते ठरवणारा काळा-पांढरा पडदा. पांढरा मास्क जोडा, डी दाबून काळा-पांढरा आणा आणि मास्कवर ग्रेडियंट ओढा: काळ्या बाजूला फोटो नाहीसा होतो. फोटोवर काळा-पांढरा रंगच चढला, तर मास्कऐवजी लेयर निवडलेला आहे. अनडू करा, मास्कच्या छोट्या चित्रावर क्लिक करा आणि पुन्हा ओढा.

सेव्ह करताना पीएनजी निवडा. कमी दर्जाचा जेपीईजी तो बारीक नॉइज गिळून टाकतो आणि वर 8×8 पिक्सेलचे चौकोन उमटवतो. नॉइजमुळे पीएनजी फाइल मात्र बऱ्यापैकी फुगते, त्यामुळे वेबपेजसाठी नॉइज लागेल तेवढाच ठेवा.