बाळाचं ऑपरेशन झालंय, आता एनआयसीयूमधे (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आईबाबांनी काय करायचं

आमची मुलगी दोन दिवसांची असताना तिच्या आतड्याचं ऑपरेशन झालं, आणि नंतर तिला बघायला गेले तेव्हा मी दारातच थांबले, कारण बाळ असं दिसेल हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आधी तेच सांगते. पहिले दोन-तीन दिवस बाळ सुजलेलं असू शकतं, पापण्या जड, हातपाय गुबगुबीत, चेहरा ओळखू येत नाही. ते अंगात साठलेलं पाणी असतं, शू चांगली व्हायला लागली की उतरतं. त्यामुळे वजन आधी वाढलेलं दिसतं आणि मग झपकन कमी होतं, तेव्हा बाळ खंगतंय असं वाटून घेऊ नका. सिस्टर ओला डायपर काट्यावर ठेवतात तेही शू मोजायलाच, १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली असा हिशोब.

व्हेंटिलेटरची नळी असेल तर बाळ रडतं पण आवाज येत नाही, कारण नळी स्वरयंत्रातून खाली गेलेली असते. ते बघणं फार अवघड जातं. नळी निघाली की आवाज येतो, एखाद-दोन दिवस घोगरा असतो.

मॉनिटरचं थोडक्यात. ठोके साधारण १२० ते १६०, झोपेत कमी, रडताना जास्त, श्वास मिनिटाला ४० ते ६०. ऑक्सिजनचा आकडा मात्र प्रत्येक बाळाचा वेगळा ठरवलेला असतो, हृदयाच्या काही आजारांत तो मुद्दाम कमी चालवून घेतात, म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना करू नका, आपल्या बाळाचा किती हवा ते विचारून ठेवा. आणि अलार्म वाजला की आधी बाळाकडे बघा, रंग गुलाबी आहे का, छाती नीट हलतेय का. बऱ्याचदा पायाचा सेन्सर सरकलेला असतो. मी पहिले चार दिवस फक्त स्क्रीनकडे बघत बसले होते, तो वेळ मला तिच्याकडे बघायला हवा होता.

आता पोटाच्या ऑपरेशनमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नाकातून किंवा तोंडातून पोटात एक नळी जाते आणि तिच्यातून हिरवं पाणी बाहेर येत राहतं. ते पित्त असतं. ऑपरेशननंतर आतडं काही दिवस झोपल्यासारखं असतं, पुढे काही ढकलत नाही, म्हणून ते उलटं वर येतं. रोज किती मिली निघालं आणि रंग कसा होता एवढं बघत जा. गडद हिरव्याचं फिकट, मग पिवळट, मग पाण्यासारखं व्हायला लागलं आणि कमी कमी होत गेलं की आतडं जागं होतंय. मग शी होते. त्या पहिल्या शीसाठी अख्खा वॉर्ड वाट बघत असतो हो, खरंच सांगते, आमच्या सिस्टर नाचायच्या बाकी होत्या. तोपर्यंत बाळ उपाशी नसतं, टीपीएन म्हणून शिरेतून सगळं पोषण चालू असतं. दूध सुरू होतं ते कधी कधी एका वेळेला फक्त १-२ मिलीने, आणि मधेच पोट फुगलं तर बंदही करतात, मग परत चालू. हे मागेपुढे होणारच. आमचं दोनदा झालं आणि दुसऱ्या वेळी मी बाथरूममधे जाऊन खूप रडले.

आईने दुधाचं काम मात्र पहिल्या दिवसापासून धरायचं. बाळ पीत नसलं तरी दिवसरात्र मिळून ८ ते १० वेळा दूध काढायचं, रात्री एकदा तरी उठून, नाहीतर दूध आटतं आणि जेव्हा बाळाला हवं असतं तेव्हा नसतं. पहिलं चिकाचं दूध चार थेंब आलं तरी टाकू नका, डॉक्टर हो म्हणाले तर तेच कापसाच्या बोळ्याने बाळाच्या ओठांना, गालांच्या आतून लावतात. बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहा.

दुखतंय का हे बाळ चेहऱ्याने सांगतं. भुवया आवळलेल्या, डोळे घट्ट मिटलेले, मुठी वळलेल्या, अंग ताठ असं दिसलं तर सिस्टरना सांगा, संकोच करू नका, औषधाचा डोस बघायला त्यांनाही त्याचा उपयोग होतो. उचलून घेता येत नसलं तरी हात ठेवता येतो. कोपरापर्यंत हात धुवा, अंगठी-घड्याळ काढा, हात गरम करा, आणि एक तळवा डोक्यावर, दुसऱ्याने पाय हलकेच पोटाशी दुमडून तसाच स्थिर ठेवा. चोळू नका, थोपटू नका, आजारी बाळाला ते जास्त होतं. हळू आवाजात बोला, आईचा आवाज त्याला पोटात असल्यापासून ओळखीचा असतो. परवानगी मिळाली की कांगारू केअर, म्हणजे बाळाला आपल्या उघड्या छातीवर अंगाला अंग लावून धरणं, मागून घ्या, बाबांनीही.

डॉक्टरांना “बाळ कसं आहे” विचारलं की “स्टेबल आहे” एवढंच उत्तर मिळतं, त्यात त्यांची चूक नाही, प्रश्नच तसा आहे. त्यापेक्षा विचारा, व्हेंटिलेटरचा सपोर्ट कालपेक्षा कमी केला का, पेनकिलर कमी करताय का, पुढची पायरी कोणती आणि ती कशावर अडलीय. वहीत लिहा, झोप नसताना काही लक्षात राहत नाही. आणि रडू दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, झोप मिळूनही झोप लागत नसेल, तर आईने स्वतःसाठी डॉक्टरांशी बोलायचं, बाळ घरी गेलं की बघू असं नाही.

घरी सोडायच्या आधी शक्य असेल तर एक रात्र बाळासोबत हॉस्पिटलमधेच राहा, सगळं तुम्ही करा, औषध सिरिंजमधे तुम्ही भरा, सिस्टर फक्त बघतील. डिस्चार्जच्या कागदावर रात्री फोन करायचा नंबर लिहून घ्या. हिरवी उलटी, फुगून कडक झालेलं पोट, टाक्यांभोवती लाली किंवा पू, ताप ३८ डिग्री सेल्सियस किंवा वर, अंग थंड पडणं, दूध न पिणं, बाळ सुस्त होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, फोन करत करतच निघायचं.