जुनी इलेक्ट्रॉनिक खेळणी जमवताय? या चुका टाळा

रविवारी जुन्या बाजारात नव्वदच्या दशकातला ब्रिक गेम (हातात धरून विटा रचायचा खेळ) मिळाला की लोक तिथेच नवे पेन्सिल सेल घालून बटण दाबतात. एवढी घाई नको. आधी सेलचा कप्पा बघा.

आत सेल लीक झालेले असले, की सगळे व्हिनेगर घेऊन बसतात. हा उपाय अल्कलाइन सेलचा. त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं, म्हणून त्याला आम्ल चालतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरले गेले ते साधे झिंक-कार्बन सेल, आणि त्यांचा द्राव मुळातच आम्लधर्मी. त्यावर व्हिनेगर म्हणजे गंजाला खतपाणीच. तिथे खायचा सोडा पाण्यात कालवून टूथब्रशने लावा, ओल्या कापसाने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल (लगेच उडून जाणारं सफाईचं अल्कोहोल) फिरवा. जुना सेल जागेवर नसेल तर ओला लिटमस कागद लावून द्राव आम्लधर्मी आहे का ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे, पण तेवढाही धीर धरला जात नाही.

कप्प्यातले सेलला टेकणारे पत्रे चकाचक झाले तरी खेळणं मुकंच राहतं, मग चिप गेली म्हणून ते भंगारात जातं. चिप बहुतेकदा ठणठणीत असते. द्राव ऋण टोकाच्या वायरीत आतल्या आत चढलेला असतो. वरून प्लास्टिक धडधाकट दिसतं. वायर सोला. तांबं काळं पडलं असेल तर त्यावर सोल्डर धरत नाही. चकाकतं तांबं लागेपर्यंत कापा, नाहीतर सरळ नवी वायर टाका.

टीव्हीला जोडायच्या आठ-बिटी गेमला राउटरचा अडॅप्टर लावू नका. पिन बसली म्हणजे जुळली असं नसतं. यातले बरेच गेम निन्तेंदोच्या १९८३ च्या फॅमिकॉम या गेम कन्सोलच्या नकला. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट लागतात आणि पिनचं मधलं टोक ऋण असतं. राउटरचे अडॅप्टर सहसा १२ व्होल्टचे, मधलं टोक धन. नकलांवर छापलेली खूण वाचा, मल्टिमीटर लावा, मगच जोडा.

कार्ट्रिजमध्ये (गेमच्या खाचेत बसणाऱ्या कॅसेटमध्ये) फुंकू नका, ओल आत शिरते. तिच्या पट्ट्यांवर खोडरबर तर नकोच, सोन्याचा मुलामा निघतो.

ब्रिक गेमच्या स्क्रीनवर रेघा गायब असतील तर काच बदलायला धावू नका. काच आणि बोर्ड यांच्यामधली रबरी झेब्रा पट्टी अल्कोहोलने हलकेच पुसा. काचेवरच्या फिल्मला मात्र थेंबही लागू देऊ नका. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकच बाजू करकचून आवळली, तर दुसऱ्या बाजूच्या रेघा जातात.