घरी जोडलेल्या गाडीची पेडलं आपल्या पायाच्या मापाची कशी करावीत

आमची किट कार मारुती ८०० च्या सामानावर उभी आहे. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचे डिस्क ब्रेक जुन्या गाडीचे, आणि खाली चौकोनी पाइपची चेसिस. पुतण्याने कॉलेजात असताना बाजा स्पर्धेसाठी बग्गी बनवली होती, त्यामुळे चेसिसची मला चिंता नव्हती. घोळ झाला तो पायाशी. मृग बरसल्यावर गमबूट घालून वावरातून येत होतो. ब्रेक दाबला तर बुटाची कड एक्सलेटरवरही पडली, आणि गाडी थांबायच्या ऐवजी धुरा ओलांडून वीतभर वाढलेल्या पऱ्हाटीत शिरली.

त्या दिवशी संध्याकाळी मी पाना घेऊन पेडल खोलायला बसलो, तर पुतण्या म्हणाला, "काकाजी, पेडल मंग. पह्यले सीट पाहा." त्याचं खरं होतं. कंपनीच्या गाडीत सीट, स्टिअरिंग आणि पेडलं एकमेकांच्या हिशोबाने ठरलेली असतात. आपण मात्र पेडलं जिथे जागा सापडली तिथे ठोकतो आणि नंतर अंग वाकडं करून चालवतो.

म्हणून चाकांना दगड लावा, इंजिन बंद ठेवा आणि गाडी जो सगळ्यात जास्त चालवणार त्याला बसवा. पाठ सीटला पूर्ण टेकलेली हवी. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल तर सीट लांब आहे. गुडघा स्टिअरिंगला घासत असेल तर जवळ आहे. सीट सरकवून हे जमलं की तिथेच घट्ट करा. मग स्टिअरिंग. एवढं करूनही पाय अवघडत असेल तरच पेडलांना हात लावायचा. माझी उंची पाच फूट चार इंच, पुतण्या सहा फुटी. आम्हा दोघांसाठी सीटखाली सरकपट्टी टाकावीच लागली, कारण पेडल दोघांच्या मापाचं होत नाही.

आता पायातल्या जोड्याचं माप घ्या, आणि ते खरं घ्या. मी आधी चामड्याचा बूट घालून मोजलं होतं, तिथेच फसलो. गमबुटाचा तळ ११ सेंटिमीटर रुंद निघाला, आणि काळ्या मातीचा गारा चिकटल्यावर १३. जुलैत गाडी चालवणार असाल तर ते १३ च माप धरा. सीटवर बसून तो बूट ब्रेकच्या पट्टीवर, म्हणजे पेडलाच्या पाय टेकायच्या भागावर, मधोमध ठेवा. बुटाची उजवी कड आणि एक्सलेटर यांच्यात बोटभर फट दिसली पाहिजे. क्लच आणि ब्रेकमध्ये त्याहून जास्त जागा ठेवा, कारण दोन्ही पाय एकाच वेळी दाबले जातात. डावा पाय मोकळा असताना कुठे ठेवायचा याचाही विचार करा. क्लचच्या डावीकडे एक पत्र्याची पायटेक बसवली तर पाय क्लचवर लोंबकळत राहत नाही आणि क्लचप्लेट जास्त टिकते. मधोमध फरशीचा उंचवटा (बोगदा) असलेल्या अरुंद गाडीत एवढी जागा निघतच नाही. तिथे पट्ट्या अरुंद करा आणि गमबूट घरी ठेवा.

आडव्या फटीइतकीच उंचीही महत्त्वाची आहे. मोकळं असताना ब्रेकचं पेडल एक्सलेटरपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आपल्याकडे पुढे असावं. मग ब्रेक पूर्ण लागेपर्यंत दाबा आणि वाकून पाहा. त्या स्थितीतही ब्रेकची पट्टी एक्सलेटरच्या बरोबरीला किंवा किंचित वरच हवी. ती खाली गेली तर जोरात ब्रेक मारताना बूट एक्सलेटरवर दाबला जाणारच. आमची गाडी पऱ्हाटीत गेली ती नेमकी यामुळे.

हे सगळं आधी पुठ्ठा आणि प्लायवर करून पाहा. प्लायचे तुकडे पट्ट्यांवर चिकटटेपने बांधा, एक-दोन दिवस नुसतं बसून पाय हलवून पाहा, मग लोखंड कापा. पट्टी सरकवायची तर तिच्या मागे आडवा तुकडा लावून सरकवा. ओतीव लोखंडाचा दांडा तापवून वाकवू नका, त्याला तडा जातो. आणि तो बाहेरून दिसेलच असं नाही. वेल्डिंग करायचं असेल तर पेडल गाडीतून काढून करा. गाडीवरच करणं भाग असेल तर आधी बॅटरी सोडा.

पेडलाचा दांडा लांब-आखूड करताना किंवा पुश रॉडचं, म्हणजे ब्रेक ऑइल दाबणाऱ्या मास्टर सिलेंडरला ढकलणाऱ्या सळईचं, छिद्र बदलताना मात्र कॅल्क्युलेटर जवळ घ्या. पेडल ज्या पिनवर फिरतं तिथपासून पट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले त्याच पिनपासून पुश रॉडपर्यंतचं अंतर, हे पेडलाचं गुणोत्तर. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) असलेल्या गाडीत ते ४ च्या आसपास चालतं. बूस्टर काढून टाकला असेल, आणि किट कारमध्ये जागेअभावी तो बहुतेक वेळा काढलेलाच असतो, तर ६ च्या आसपास हवं. समजा २४० मिलिमीटर भागिले ४० म्हणजे ६. सोयीसाठी छिद्र १० मिलिमीटर खाली घेतलंत की २४० भागिले ५०, म्हणजे ४.८. तेवढ्याच ब्रेकसाठी पायाला सव्वापट जोर लावावा लागेल. उलट पट्टी ३० मिलिमीटर खाली लांबवली तर गुणोत्तर ६.७५ होतं, ब्रेक हलका लागतो, पण पेडल जास्त खोल जातं. खोल जाऊन ते फरशीला टेकत नाही ना, हे पाहा.

आता पुश रॉड. इथे जरा थांबा, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त त्रास इथूनच होतो.

पेडल सोडलं की मास्टर सिलेंडरमधला पिस्टन मागे येतो आणि एक बारीक छिद्र उघडं पडतं. त्या छिद्रातून तापून फुगलेलं ब्रेक ऑइल टाकीत परत जातं. पेडल आपल्याकडे ओढून घेण्याच्या नादात पुश रॉड लांब केला, तर तो पिस्टनला कायम थोडा ढकलून ठेवतो आणि छिद्र झाकलेलंच राहतं. मे महिन्यात पारा ४५ वर असतो, शेजारी इंजिन तापलेलं. फुगलेल्या ऑइलला वाट सापडत नाही, आणि ब्रेक आपोआप लागत जातो. आमची गाडी सकाळी सात वाजता पाण्यासारखी पळाली. अकरा वाजता दुसऱ्या गिअरमध्येही रडत होती आणि पुढच्या चाकांना जळका वास होता. ओळखीचा मिस्त्री चाक हलवून म्हणाला, "भाऊ, ब्रेक सोडूनच नाही रायला." त्याने हवा काढायचा निपल पाव आटा सैल केला. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं फिरू लागलं. हीच परीक्षा तुम्हीही करा: निपल सोडल्यावर चाक सुटलं तर दाब अडकून होता, म्हणजे आधी पुश रॉड तपासा, तरीही जाम असेल तर कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) खोला. निपल आवळायला विसरू नका, आणि पिचकारी रंगावर उडाली तर लगेच पाण्याने धुवा, ब्रेक ऑइल रंग खातं.

यावर इलाज सोपा आहे. पुश रॉड आणि पिस्टन यांच्यात सुमारे १ मिलिमीटर सूट ठेवा. गुणोत्तर ६ असेल तर पट्टीवर ती ५-६ मिलिमीटर जाणवते. एका बोटाने पेडल ढकला, तेवढं ते सहज हललं पाहिजे, मग जोर लागायला हवा. जमलं की चेकनट आवळा. क्लचची सूट वेगळी असते, ती मूळ गाडीच्या मापानुसार केबलवरून ठेवा.

एक्सलेटरमागे फरशीवर ठोकळा हवा. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडला त्याच क्षणी पेडल ठोकळ्याला टेकावं, नाहीतर पायाचा सगळा जोर केबलवर येऊन ती ताणते. परत ओढणाऱ्या स्प्रिंगा दोन लावा. एक तुटली तरी दुसरी थ्रॉटल बंद करते.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा लिहिलेला पाहूनच घ्या. नायलॉनचा नट एकदा खोलला की नवा लावा, आणि पुश रॉडच्या पिनला स्प्लिट पिन घाला. सायकलची तार चालणार नाही.

शेवटी इंजिन बंद ठेवून घरातल्या सगळ्यात धडधाकट माणसाला ब्रेक अर्धा मिनिट पूर्ण ताकदीने दाबून धरायला सांगा. दुसऱ्याने बॉनेट उघडून मास्टर सिलेंडरकडे पाहावं. पत्रा वाकून सिलेंडर पुढे सरकताना दिसला, तर मागे ३ मिलिमीटरची पट्टी लावून तो भाग मजबूत करा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा सिलेंडरचं रबर गेलं आहे. तसं असताना गाडी हलवायची नाही. सगळं ठीक असेल तर कोरड्या, सपाट वावरात पहिल्या गिअरवर चार-पाच वेळा थांबवून पाहा, आणि मग दुपारच्या उन्हात अर्धा तास चालवून चाकांना हात लावून पाहा. ही फेरी वावरातच असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, म्हणून रस्त्यावर न्यायच्या आधी आरटीओत विचारा.

पेडल हललं की ब्रेक लाइटचं बटणही जागेवरून सुटतं. हे बहुतेक सगळे विसरतात, मीही विसरलो. दिवेलागणीला पुतण्याला गाडीमागे उभं केलं आणि ब्रेक दाबला. तो म्हणाला, "पेटला." मी पाय काढला. तो म्हणाला, "पेटूनच हाये." बटणाचा नट दोन आटे फिरवला, तेव्हा कुठे तो विझला.